पेटीचा गंधार

बेळगावचं आणि पेटीचं नातं जुनं आहे. पं. रामभाऊ विजापुरे मूळचे कागवाडचे, जन्म १९१७चा. २०१०मध्ये ते गेले, पण त्याआधी बेळगावात राहून त्यांनी शिष्यांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. बोरीच्या पं. तुळशीदास बोरकरांमुळे आम्हा गोवेकरांनाही पेटीचा जिव्हाळा. त्यामुळे कुणी 'पेटी बेसूर असते' म्हटलं की दोन्हीकडची मंडळी दुखावतात. पण ते म्हणणं अगदीच खोटं नाही!

हिशेब सोपा आहे. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर बहुतेक पेट्यांत बारा स्वर शंभर-शंभर सेंटांवर बसवलेले असतात. कुठल्याही पट्टीत गाता यावं, ही त्यामागची सोय. त्यात शुद्ध गंधार येतो ४०० सेंटांवर. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून आपसूक ऐकू येणारा गंधार मात्र ३८६वर असतो. पंचमात फरक जेमतेम दोन सेंटांचा, तो खपून जातो. गंधारातले चौदा सेंट कानाला टोचतात.

यावर उपाय झाले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने श्रुती मोजल्या, १९१०मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. क्लेमंट्ससाहेबांच्या साथीने श्रुती-पेटीही झाली, पण ती रुजली नाही. १९४०मध्ये रेडिओने तर पेटीवर बंदीच घातली. ती सैल व्हायला १९७० उलटावं लागलं. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली.

मला बंदी पटत नाही. बंदीने कान सुधारत नाही. श्रुती-पेटीमागच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण तिथेही सूर जागचा हलत नाही. दरबारीचा झुलणारा कोमल गंधार कुठल्या एका जागी बसवणार?

साथीला पेटी खुशाल असू द्या. जाणता साथीदार कुठे थांबायचं आणि कुठून नुसतं निसटायचं, ते ओळखून असतो. माझी तक्रार शिकवणीबद्दल आहे. बेळगाव-निपाणी असो की आमचं म्हापसा-फोंडा, नवं मूल पेटीच्या सुरावरच गळा बसवतं. मग तोच गंधार त्याला खरा वाटू लागतो आणि तंबोऱ्यातला ऐकूच येईनासा होतो.

वास्तविक तंबोऱ्यांचं मिरज कागवाडहून हाकेच्या अंतरावर. कुमार गंधर्व १९२४मध्ये जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत. त्यांचे तंबोरे कसे बोलत, ते ध्वनिमुद्रणांतून जरूर ऐका. पहिली दोन वर्षं तंबोरा, मग पेटी, एवढा क्रम पाळला तरी पुरे. पेटीवर बंदी घालायची गरजच उरणार नाही.