जातीच्या रकान्यासोबत भाषेचाही रकाना पाहा

येत्या जनगणनेत जात नोंदवली जाणार, याकडे आपल्या सगळ्यांचे लक्ष आहे. असायलाच हवे. पण त्याच जनगणनेत मातृभाषाही विचारली जाते आणि तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

२०११ मध्ये गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८४ लाख लोक होते. गोंड समाज मात्र एक कोटीहून मोठा आहे. मी भिलाईत, बोरसीला राहते. इथल्या पोलाद कारखान्याला लोहखनिज देणाऱ्या दल्ली-राजहराच्या पट्ट्यात गोंड वस्ती मोठी आहे, पण बोलणे बहुतांशी छत्तीसगढीत. आणि जनगणना छत्तीसगढीलाही हिंदीतच मोजते.

भाषा आपोआप मरते, असे म्हणणे सोयीचे असते. १९५६ साली भाषावार राज्ये झाली, तेव्हा गोंडी मुलूख अनेक राज्यांत विखुरलेलाच राहिला. मुलांना शाळा मिळाली ती कुठे हिंदीत, कुठे मराठीत, कुठे तेलुगूत. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. त्यात संस्कृत आहे. ती मातृभाषा म्हणून सांगणारे २०११ मध्ये २४,८२१ होते. गोंडी नाही. म्हणजे प्रश्न संख्येचा नाही, बोलणारा कोण याचा आहे.

गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण विभागाने शिक्षणहक्क कायद्याचा आधार घेऊन ती अनधिकृत ठरवली. ग्रामसभेला उच्च न्यायालयात जावे लागले. याच कायद्याचे कलम २९ सांगते की, शक्य तिथवर मुलाला मातृभाषेतून शिकवावे. संविधानाचा अनुच्छेद ३५०क अल्पसंख्य भाषांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षणात हीच जबाबदारी राज्यावर टाकतो.

दहा हजारांहून कमी लोकांची भाषा तर जनगणनेच्या तक्त्यात ‘इतर’मध्ये जाते. बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातली निहाली अशीच नावानिशी दिसत नाही. जे मोजले जात नाही, त्यासाठी पाठ्यपुस्तक मागायचे कशाच्या आधारावर?

आपण घरातले पहिले पदवीधर. आडनावावरून होणाऱ्या चौकशा आपल्याला पाठ आहेत. जात लपवायची नाही, हे आपण चळवळीकडून शिकलो. घरची बोली मात्र अजून मुलाखतीला जाताना उंबऱ्याआत ठेवून जातो. ही लाजही जातीनेच दिलेली आहे.

म्हणून प्रगणक येईल तेव्हा आजी-आजोबांशेजारी बसा. लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती मातृभाषा, ही जनगणनेचीच व्याख्या आहे. ‘हिंदी लिहू ना?’ किंवा ‘मराठीच ना?’ असे कोणी विचारले आणि उत्तर वेगळे असेल, तर ते स्पष्ट सांगा आणि तेच लिहिले गेले का, ते पाहून घ्या.