65 मिमीचा निकष आणि एका तासाचा पाऊस

सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टीनंतर मराठवाड्यात 65 मिलिमीटर हा आकडा पुन्हा चर्चेत आला. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला, तर अतिवृष्टी धरली जाते. मात्र पाऊस किती वेळात पडला, हे या निकषात दिसत नाही.

सूत्र काय सांगते?
भारतीय हवामान विभागाचे सूत्र असे: 24 तासांचा पाऊस × (तास ÷ 24) चे घनमूळ. त्यानुसार 65 मिमीच्या वादळी पावसाचा सर्वांत जोरदार भाग अंदाजे असा येतो:
- 1 तास: 22.5 मिमी
- 3 तास: 32.5 मिमी
- 6 तास: 41 मिमी
- 12 तास: 52 मिमी

म्हणजे एकूण पावसाचा एक तृतीयांश भाग एकाच तासात पडू शकतो. हेच उलटे मांडल्यास, एका तासात 40 मिमी पाऊस हा 24 तासांतील सुमारे 115 मिमीच्या तोडीचा ठरतो. तरीही दिवसभरात तेवढाच पाऊस झाला, तर तो निकषात बसत नाही.

जागतिक विक्रमांतही पाऊस वेळेच्या प्रमाणात वाढत नाही. वेळ चौपट झाली की पाऊस साधारण दुप्पट होतो. अमेरिकेतील होल्ट येथे 1947 मध्ये 42 मिनिटांत 305 मिमी, तर रियुनियन बेटावर 1966 मध्ये 24 तासांत 1825 मिमी पाऊस झाला.

अजिंठा परिसरासाठी अर्थ
भिजलेल्या भारी काळ्या जमिनीत तासाला जेमतेम काही मिमी पाणी मुरते. 40 मिमी म्हणजे एकरी सुमारे 1 लाख 62 हजार लिटर पाणी. डोंगरउतारावर ते माती घेऊन जाते, तर सखल भागात कपाशी, मका व मिरचीच्या मुळांशी साचते.

काय करावे?
- चर व सांडव्याचे माप दिवसाच्या बेरजेवर नव्हे, एका तासाच्या पावसावर ठरवावे.
- पेरणी उताराला आडवी, शक्यतो रुंद वरंबा-सरीवर करावी.
- सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवून पाऊस पट्टीने मोजावा. सुरू व बंद होण्याची वेळ लिहावी.
- नुकसान झाल्यास ही नोंद व फोटो तलाठी आणि कृषी सहायकांना लगेच द्यावेत. डब्यातील माप अधिकृत धरले जात नाही, पण पंचनाम्याची मागणी करताना मुद्दा स्पष्ट होतो.

हे सूत्र सरासरी अंदाज देते. प्रत्यक्ष पाऊस कमी-जास्त असू शकतो. मंडळातील स्वयंचलित केंद्राची तासागणिक नोंद निकषात धरली गेली, तर असे नुकसान नजरेआड होणार नाही.