दसऱ्याचा मुहूर्त आणि घराचा इसार

विजयादशमीला गावाची सीमा ओलांडावी, हा आपला जुना प्रघात. नाशिकची सीमा मात्र गेल्या काही दशकांत स्वतःच चालू लागली आहे. आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डी ही आमच्या बालपणी शहराबाहेरची गावे होती; आज सीमोल्लंघनास नेमके कोठवर जावे, असा प्रश्न पडतो. साडेतीन मुहूर्तांतील हा एक पूर्ण मुहूर्त असल्याने आजच्या दिवशी सोन्याच्या पेढीइतकीच गर्दी घरे विकणाऱ्यांच्या मांडवात होते. त्यातच 2026-27 च्या सिंहस्थाचे निमित्त झाले आहे. ‘पर्वणी आटोपली की हा भाव पुन्हा दिसायचा नाही,’ हे वाक्य दलालांच्या तोंडून आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, ते एखाद्या पुराणात असावे अशी शंका यावी.

या विषयात आमचाही थोडा दोष आहे, तो आधी सांगून टाकतो. पंचवटीत आमच्या कीर्तनास अनेक वर्षे नेमाने येणारे एक निवृत्त शिक्षक मागील दसऱ्याच्या आदल्या दिवशी आले आणि म्हणाले, ‘बुवा, उद्या मुलाच्या घराचा इसार द्यायचा आहे. विजयमुहूर्त किती वाजता ते सांगा.’ आम्ही पंचांग उघडून घटिका सांगितली. जमीन कोणाची, परवानगी झाली की नाही, हे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही. गुरुजींनी मुहूर्त टळू नये म्हणून भर दुपारी दोन लाख रुपये दिले आणि एका साध्या कागदावर पावती घेतली. पुढे बँकेच्या वकिलाने कागद पाहिले, तेव्हा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात मूळ मालकाच्या बहिणींची नावे निघाली. कर्ज नाकारले गेले. इसार परत मागितला, तर पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की, कर्ज न मिळाल्यास रक्कम परत होणार नाही.

ज्या भूमीत आपण राहतो, तिच्या इतिहासात घराची जागा निवडण्याचा एक प्रसंग आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडात अगस्त्य मुनी श्रीरामांना पंचवटीची जागा सुचवितात. मध्यस्थीचे हे आम्हांस ठाऊक असलेले आद्य उदाहरण, आणि त्यात दलाली नव्हती. तथापि एवढ्या थोर ऋषीने शिफारस केली म्हणून रामांनी डोळे मिटून जागा घेतली नाही. ते स्वतः तेथे गेले. पाणी किती जवळ, जमीन सम आहे की नाही, दर्भ, फुले व समिधा मिळतात काय, हे पाहिले आणि मग लक्ष्मणाने पर्णकुटी बांधली. वास्तूची शांती त्यानंतर झाली. आम्ही हा क्रम उलटा केला आहे.

दलाल हा मनुष्य वाईट असतो असे आमचे मत नाही. अनोळखी शहरात नोकरीला आलेल्या तरुणाला चार जागा दाखविणारा कोणीतरी हवाच. प्रश्न इतकाच की, त्याची दलाली कोण देतो? नव्या इमारतीत ती बहुधा बांधकाम करणारा देतो. कर्ज मिळवून देणारा जो दुसरा मध्यस्थ अलीकडे घरी येतो, त्याचे कमिशन कर्ज देणारी संस्था देते. बँकेचा वकील कागद तपासतो, पण तो बँकेसाठी. त्याचा अहवाल पुष्कळदा ग्राहकाच्या हाती पडतही नाही. ‘या प्रकल्पास अमुक बँकांची मंजुरी आहे’ असा फलक पाहून माणसे निर्धास्त होतात. वस्तुतः त्या मंजुरीचा अर्थ बँकेला आपले तारण पुरेसे वाटले, एवढाच आहे. तारण बुडाले तरी कर्ज बुडत नाही. हप्ते ग्राहकाच्या पगारातून चालूच राहतात. या साऱ्या मंडळींत जो केवळ घेणाऱ्याच्या पैशाने, घेणाऱ्यासाठी काम करील असा एकच मनुष्य उरतो: आपण नेमलेला वकील. तीस वर्षांचा शोध घेण्याचे त्याचे शुल्क चुकविण्यासाठी माणसे जन्माची कमाई पणाला लावतात, याचे आम्हांस नवल वाटते.

कायदा मात्र पूर्वीसारखा लंगडा राहिलेला नाही. 1963 चा मोफा कायदा होता, पण त्याची जरब फारशी जाणवली नाही. स्थावर संपदेचा 2016 चा कायदा आला आणि 1 मे 2017 पासून महारेराचे काम सुरू झाले. नोंदणी करणे बंधनकारक असलेला प्रकल्प नोंदणीवाचून विकता येत नाही, त्याची जाहिरात करता येत नाही आणि दलालालाही तो दाखविता येत नाही. दलालाची स्वतःची नोंदणी लागते. 2023 मध्ये त्याला प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची झाली. नोंदणीकृत साठेखत होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार 15 दिवसांच्या आत नोंदणी रद्द केली तर कपात नाही, आणि पुढेही ती दोन टक्क्यांवर जात नाही. गुरुजींच्या पावतीत यांतले काहीच नव्हते. ‘नोंदणी होतच आली आहे,’ असे दलाल म्हणाला होता, आणि दसऱ्याच्या दिवशी कोणी खोटे बोलत नाही अशी त्यांची समजूत होती.

आता सावकाराकडे वळू. तीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत धरली, तर हप्ता सुमारे 26 हजार रुपयांचा येतो आणि एकूण फेड सुमारे साडेबासष्ट लाख. म्हणजे मुद्दलाहून व्याज अधिक. धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे, व्याज मुद्दलापेक्षा वाढू नये म्हणून. ब्रिटिश काळातील मुंबई इलाख्यातही तो मानला जाई. पण मनूने तो एकरकमी वसुलीपुरता सांगितला आहे. हप्त्याहप्त्याने घेतलेल्या व्याजास तो लागत नाही, ही पळवाट स्मृतिकारांनीच ठेवली, असे आमच्यातला शास्त्री कबूल करतो.

याहून न दिसणारी गोष्ट बदलत्या व्याजदराची. आरंभीच दर एक टक्का वाढला आणि हप्ता तोच राहिला, तर वीस वर्षांचे कर्ज पावणेसव्वीस वर्षांवर जाते. पंचेचाळिशीत कर्ज घेणाऱ्याचे शेवटचे हप्ते निवृत्तिवेतनातून जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितले आहे की, दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदारास द्यावी. ती संधी पत्राने येते आणि पत्र न वाचता खणात पडते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास बँकांना 2012 पासूनच मनाई आहे. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत न केल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे.

नाशिककरांनी एक गोष्ट अधिक पाहावी. गंगेला पूर आला की, दुतोंड्या मारुतीच्या कोठवर पाणी आले ते आपण पाहतो. 19 सप्टेंबर 2008 च्या महापुरानंतर येथे निळ्या व लाल पूररेषा आखण्यात आल्या. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मज्जाव आहे. नदीचा देखावा दाखविणारा दलाल या रेषा दाखवीलच असे नाही. तपोवनाच्या बाजूस साधुग्रामासाठी राखलेल्या जमिनींचीही गोष्ट तीच. विकास आराखडा पाहिल्यावाचून तेथे एक गुंठाही घेऊ नये. शेतजमिनीचे तुकडे ‘फार्म हाऊस’च्या नावाने विकले जातात, पण शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेण्यास 1948 च्या कुळकायद्याची आडकाठी आहे.

गुरुजींना वकिलाची नोटीस गेल्यावर दोन लाखांपैकी एक लाख परत मिळाले. उरलेल्याचा तगादा चालू आहे. सुनेने दागिने मोडून त्यात भर घातली होती, हे आम्हांला फार उशिरा कळले. परवा ते पुन्हा आले. म्हसरूळला दुसरे घर पाहिले आहे, मुहूर्त सांगा म्हणाले. आम्ही पंचांगाला हात लावला नाही. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक विचारला. त्यांनी पिशवीतून कागदांची पुडी काढली. क्रमांक होता, सातबारा होता, बिनशेतीचा आदेशही होता. वकिलाचा शोध अहवाल यायचा होता. तेव्हा आज गुरुजी आपट्याची पाने तेवढी देऊन जाणार आहेत.