खात्यावरचा हप्ता म्हणजे वसतिगृह नव्हे!

बारावीचा निकाल लागला की झोपडपट्टीतल्या, खेड्यातल्या आपल्या गुणवंत मुलांचे सत्कार होतात. ते झालेच पाहिजेत. पण ती मुले वर्षभर कुठे राहिली, काय जेवली, रात्री कोणत्या दिव्याखाली बसली, हे सत्काराच्या व्यासपीठावरून कोणी विचारत नाही. आम्हाला आज तेच विचारायचे आहे.

बारावीचे वर्ष कॅलेंडरवर बारा महिन्यांचे असले तरी अभ्यासाला जेमतेम आठच मिळतात. जूनमध्ये कॉलेज उघडते, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा दारात उभी राहते आणि तिच्या पाठोपाठ सीईटी व नीट. या आठ महिन्यांत ज्याला बसायला जागा नाही, त्याच्या हातात राज्यघटनेने दिलेली राखीव जागा असून नसल्यासारखी आहे.

मागासवर्गीयांच्या शासकीय वसतिगृहात काय हाल आहेत, ते आम्हाला ठाऊक आहे. पातळ वरण, ठेकेदाराची मर्जी, चार खाटांच्या खोलीत सहा मुले, संडासासमोर सकाळची रांग. तरीही आम्ही म्हणतो, वसतिगृह हवेच! कारण तिथे केवळ खाट मिळत नाही. ज्याच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्याला इंजिनीअरिंगला शिकणारा शेजारच्या खोलीतला मुलगा सांगतो, “अरे, जात पडताळणीचा अर्ज बारावीतच टाक, निकालाची वाट बघत बसू नकोस.” 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, आजोबांचा दाखला गावच्या शाळेत शोधावा लागतो, हे त्याला तिथे कळते. वैधता प्रमाणपत्र वेळेत नसेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची राखीव जागा हातची जाते. हे ज्ञान कोणत्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही.

ही दृष्टी आम्हाला बाबासाहेबांनी दिली. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली 1924 मध्ये, आणि लगेच 1925 च्या जानेवारीत सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, तेही हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले होते. चाळीतल्या अपुऱ्या जागेत सारे झोपल्यावर मध्यरात्री उठून अभ्यास करावा लागलेल्या माणसाला खोलीची किंमत कोणी शिकवायची?

आता त्यांच्याच नावाने चालणाऱ्या योजनेकडे पाहा. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला 60 हजार रुपये ठरले. त्यात भोजनाचे 32 हजार, निवासाचे 20 हजार, निर्वाहाचे 8 हजार. हिशेब करा. दहा महिने धरले तर राहण्यासाठी महिना दोन हजार! पुण्यात एवढ्या पैशात कॉट बेसिसवर तरी कोण ठेवून घेतो? आणि हे पैसेही भाडे भरण्याच्या तारखेला येत नाहीत. मुलगा आधी सावकाराकडून किंवा बचत गटातून उचलतो आणि अकरावीच्या हप्त्याची वाट बारावीत पाहतो.

पण आमचा खरा आक्षेप रकमेवर नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला ही योजना कशीबशी उपयोगी पडते. बारावीचा मुलगा मात्र सतरा वर्षांचा असतो. भारतीय करार कायद्याच्या कलम 11 नुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. अर्जाला मात्र भाडेकरार जोडायचा! म्हणजे बापाने मजुरी बुडवून शहरात यायचे, घरमालकाच्या विनवण्या करायच्या, स्टॅम्प पेपरचा खर्च सोसायचा. घरमालक लेखी काही द्यायला राजी नसतोच. त्यात आडनाव विचारले जाते आणि खोली “कालच दिली गेली” असे उत्तर मिळते. असे बाप आमच्याकडे सल्ल्याला येतात. तोंडी नकाराचा पुरावा काय देणार? ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यावी तर मुलाचे उरलेले वर्ष पोलीस ठाण्यात जाणार. ज्याला कायदा स्वतःच्या नावाने खोली घेऊ देत नाही, त्याला शासन सांगते, पैसे घे आणि खोली तूच शोध!

मुलींचे तर बोलायलाच नको. सतरा वर्षांच्या मुलीला परक्या शहरात भाड्याच्या खोलीत एकटी ठेवायला कोणते आईबाप धजावतील? वसतिगृहाच्या यादीत तिचे नाव आले नाही की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. खात्यावर जमा होणारा हप्ता ती बोलणी थांबवू शकत नाही.

आदिवासी विद्यार्थ्यांनी हे आपल्याआधी ओळखले. 2018 मध्ये त्यांच्या वसतिगृहांतली खानावळ बंद करून पैसे खात्यात टाकण्याचा निर्णय झाला, तेव्हा ती मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. आपल्या समाजात मात्र स्वाधारच्या रकमेत वाढ मागणारी निवेदने निघतात; नवीन वसतिगृह मागणारी फार थोडी. इमारत बांधायची, गृहपाल नेमायचा, मेस चालवायची, यापेक्षा हप्ता देणे शासनाला सोपे आणि स्वस्त पडते. आपण त्यालाच विजय समजलो.

स्वाधार बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. अठरा वर्षांखालील प्रत्येक पात्र विद्यार्थ्याला आधी शासकीय वसतिगृहातच जागा मिळाली पाहिजे, त्यातही मुलींना प्रथम, आणि हप्ता त्यानंतर, ही आमची मागणी आहे. मंजूर जागा किती, भरल्या किती, प्रवेशाची यादी कोणत्या तारखेला लागली, हे प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याने माहिती अधिकारात विचारावे. दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तर आले की विधानसभेच्या अधिवेशनाआधी ते आपल्या आमदाराच्या टेबलावर ठेवावे आणि पोच घ्यावी. आणि तोवर ज्या वस्तीत बुद्धविहार आहे, तिथल्या समितीने वंदना आटोपल्यावर कुलूप न लावता रात्री बारापर्यंत दिवे चालू ठेवावेत. विजेचे बिल वर्गणीतून निघेल.