पाण्याला कसली आली तारीख?

"पुरावा कधीचा?" मुंबईतल्या झोपडपट्टीतली बाई कुठल्याही सरकारी कचेरीत गेली की आधी हा प्रश्न. पाणी कुठून आणतेस, मूल कुठे ठेवून कामाला जातेस, हे कोणी विचारत नाही. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, मग पैसे भरण्याच्या अटीवर १ जानेवारी २०११. मतांच्या हिशोबाने तारीख सरकते. तारखेच्या अलीकडचे पात्र, पलीकडचे अपात्र. २०११ च्या जनगणनेनुसार या शहरातली दहातली चार माणसे झोपडपट्टीत राहत होती. ज्यांच्या कष्टांवर शहर वाढले, तीच 'अतिक्रमण' कशी?

या तारखेचा सर्वांत मोठा फटका बाईला बसतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली मोठी बाई रेशनकार्डाची प्रमुख ठरली खरी. पण तारीख सिद्ध करायला जुने कागद लागतात, आणि जुने कागद बहुधा नवऱ्याच्या नावाचे. मग परित्यक्तेने काय दाखवायचे? भाड्याने राहणाऱ्या एकट्या बाईने काय दाखवायचे? पुनर्वसनाचे घर नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याचा नियम आहे. पण परिशिष्ट-२ मध्ये कुटुंबच अपात्र ठरले, तर संयुक्त मालकी कशाची?

म्हणून 'तारीख पुढे न्या' एवढी मागणी पुरणार नाही. ती मान्य झाली तरी काही बायका कुंपणाबाहेरच राहतात. घराचा वाद चालू राहील, पण पाणी, संडास, रेशन, अंगणवाडी यांचा तारखेशी संबंधच तोडला पाहिजे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने बजावले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. वस्ती बेकायदा म्हणून ते नाकारता येणार नाही. त्याआधी, २००६ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे.

हे निकाल फायलीत पडू द्यायचे नाहीत. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतली मुले मोजावीत, नळ मोजावेत, यादीवर बायकांच्या सह्या-अंगठे घ्यावेत आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. एकट्या बाईच्या राहण्याला शेजारणींची साक्ष पुरावा म्हणून धरावी, हीही मागणी त्याच अर्जात लिहावी.

तहान लागायला पुरावा लागत नाही. पाणी द्यायला का लागावा?