सातचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये या गावाने एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि पुढील दीड तास घरोघरी भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी बंद राहील. टाळेबंदीत शिक्षणाच्या निमित्ताने मुलांच्या हाती गेलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, तेव्हा सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाने हा उपाय योजला.

असा विषय निघाला की शहरातील सुशिक्षितांच्या भुवया उंचावतात. यंत्र वाईट नसते, वापर वाईट असतो. ज्याने त्याने संयम पाळावा, असे ते सांगतात. युक्तिवाद सभ्य आहे, पण पोकळ! पुस्तकाला शेवटचे पान असते, मैफलीला भैरवी असते. या पडद्याला मात्र तळच नाही. बोट सरकवत राहावे आणि मजकूर येतच राहावा, ही रचना 2006 मध्ये अझा रास्किन यांनी केली आणि पुढे त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी तर 2017 मध्ये कबूलच केले की, मानवी मनाची दुर्बलता हेरून तिचा लाभ उठवणारी ही व्यवस्था तिच्या निर्मात्यांनी जाणूनबुजून उभारली. अशा व्यापाराच्या समोर बारा वर्षांच्या मुलाला एकटे उभे करून ‘संयम पाळ’ म्हणणे, हा त्याच्या स्वातंत्र्याचा सन्मान की आपल्या कर्तव्याचा त्याग? व्यक्तिस्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्या ऑस्ट्रेलियानेही 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद करण्याचे दायित्व कंपन्यांवर टाकले आहे.

पण मुलांना दोष देणे सोपे असते. आपले काय? पहाटे डोळे उघडताच पन्नास गटांना मजकूर पाठवणारे आपणच, आणि त्याला जनजागरण म्हणणारेही आपणच. पूर्वी बैठकीचा निरोप द्यायला सायकलवरून घरी जावे लागे. चहा होई, आजीच्या गुडघ्यांची विचारपूस होई. आता निरोप क्षणात पोहोचतो आणि शेजारचा माणूस पंधरा दिवस रुग्णालयात होता, हे तो घरी परतल्यावर कळते.

शिवाय पुढे ढकललेल्या मजकुरापैकी किती आपण पडताळलेला असतो? 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. परंपरेने दारोदार फिरणारी, आपल्याच समाजातील ती माणसे! अशा हत्यांनंतर त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याचे बंधन घातले. जी मर्यादा आपण स्वतःला घालून घ्यायला हवी होती, ती परक्या कंपनीने घातली, याची लाज वाटायला नको?

वडगावचा भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो, हेच त्याचे मर्म आहे. बाबा फोनमध्ये डोके खुपसून बसलेले असताना मुलाने पुस्तक उघडावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आपल्या सोसायटीत भोंगा नसेल. देवापाशी दिवा लावण्याची वेळ तर अजून घरोघरी आहे. त्या वेळी घरातले सगळे फोन एका टोपलीत जावेत, आणि पहिला बाबांचा.