फौजीला गेटवर उभं करण्याआधी त्याचा ट्रेड विचारा

मागच्या आठवड्यात माणकोली-दापोडा रोडवरच्या एका गोडाऊन कंपाउंडमध्ये कामासाठी गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या मालकाचा नाही. दुपारी दोन-अडीचची वेळ. कंटेनरमधून काचेच्या पेट्या उतरवत होते. एक पेटी सुटली आणि हमालाच्या मांडीत काच घुसली. रक्त असं उडत होतं की बघवत नव्हतं. दहा-बारा जण गोळा झाले. कुणी हळद आणा म्हणतंय, कुणी पाणी पाजा, कुणी टेम्पोत टाका लवकर. दोघं-तिघं मोबाईल काढून शूटिंग करत होते, तेही सांगूनच टाकतो.

गेटवरचा सिक्युरिटीवाला धावत आला. सगळे त्याला 'फौजी' म्हणतात. त्याने आधी सगळ्यांना मागे ढकललं. एकाचा गमछा ओढून घेतला, घडी केली आणि जखमेवर दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून दाबून धरला. रक्त थांबेना तेव्हा दुसऱ्याला पट्टा काढायला लावला, जखमेच्या वर बांधला, त्यात लाकडाची पट्टी घालून पिळला. मग खिशातलं गेट रजिस्टरचं पेन काढलं आणि हमालाच्या हातावर वेळ लिहिली. २.४०. मला वाटलं, या माणसाला काय झालंय, आत्ता काय लिहितोय? नंतर कळलं, आवळून बांधलेला पट्टा किती वेळ आहे हे पुढच्या डॉक्टरला कळलं नाही तर पाय जाऊ शकतो.

पोरगा वाचला. पायही वाचला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी विचारलं, "दादा, हे कुठे शिकलात?"

"आर्मी मेडिकल कोअर. नर्सिंग असिस्टंट होतो. सतरा वर्षं."

आणि तो माणूस आपल्या भिवंडीत बारा तास उभा राहून ट्रकचे नंबर लिहितो.

तो कराडच्या पुढच्या एका गावचा. बारावी सायन्स. या ट्रेडला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी लागतं आणि मार्कही बरे लागतात, कुणीही उठून भरती होत नाही. मग लखनौच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग, मिलिटरी हॉस्पिटलच्या वॉर्डांमध्ये काम, आणि मग युनिटबरोबर जिथे पाठवतील तिथे. त्याच्या वाट्याला इतर पोस्टिंगबरोबर सियाचीनही आलं.

सियाचीन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक घेतलेला जवान येतो. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हापासून तिथे आठशेहून जास्त जवान गेलेत, आणि त्यातले बहुतेक गोळीने नाही, थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने गेलेत. २००३ पासून तर तिथे शस्त्रसंधीच आहे. म्हणजे तिथला खरा शत्रू जो आहे, त्याच्याशी रोज लढणारा माणूस हा औषधाची पेटी सांभाळणारा असतो. आणि वरच्या छोट्या पोस्टवर डॉक्टर नसतो. डॉक्टर खाली, वायरलेसवर. वर असतो तो हा, बारावी सायन्सवाला.

मी त्याला विचारलं, दिवसभर काय करायचात तुम्ही? मला वाटलं होतं बर्फात जखमी माणूस पाठीवर घेऊन पळणं वगैरे ऐकायला मिळेल. तो म्हणाला, "पाय बघायचो."

रोज सकाळी प्रत्येकाचे बूट, मोजे काढायला लावायचे आणि एकेक बोट बघायचं. पांढरं पडलंय का, बधिर आहे का. मोजे ओले राहिले तर संध्याकाळपर्यंत हिमदंश. जवान कुरकुरतात, कारण उणे तीस-चाळीसमध्ये बूट काढणं ही शिक्षाच. काही जण 'बघितलं मी, ठीक आहे' म्हणून टाळतात. त्यांचेच आधी बघायचे. चोळायचं नाही, शेकोटीवर धरायचं नाही. कोमट पाण्यात, आणि तेही पुन्हा गारठणार नाही याची खात्री असेल तरच. पाणी म्हणजे पुन्हा बर्फच, रॉकेलच्या स्टोव्हवर वितळवलेला. त्या स्टोव्हच्या काजळीने थुंकी काळी येते म्हणाला, महिना-महिना.

मग चौकश्या. झोप लागली का? डोकं दुखतंय का? जेवलास का? इतक्या उंचीवर भूक मरते, झोप उडते, माणूस विसरभोळा होतो, चिडचिडा होतो. पण खरी अडचण अशी की कुणीच खरं सांगत नाही. आजारी म्हटलं की आपल्याला खाली पाठवतील, आणि आपली ड्यूटी दुसऱ्यावर पडेल, म्हणून पोरं लपवतात. "जो रोज चेष्टा करतो तो गप्प झाला की मी त्याच्या बाजूला जाऊन बसायचो," तो म्हणाला. फुप्फुसात पाणी भरायला लागलं की आधी साधा खोकला येतो, चालताना जास्त दम लागतो. रात्री बरा दिसणारा माणूस सकाळी राहीलच असं नाही. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन गारठलेल्या बोटावर धड आकडा दाखवत नाही. स्टेथोस्कोप लावायचा आणि श्वासात बारीक करकर ऐकू येते का हे वाऱ्याच्या आवाजात ओळखायचं.

ओळखलं की पुढे? ऑक्सिजन, औषध आणि खाली नेणं. खाली नेणं हाच खरा उपाय, पण हेलिकॉप्टर हवा असेल तसं येतं. येत नसेल तर हॅपो बॅग. माणूस आत झोपेल एवढी मोठी पिशवी, चेन लावून बंद करायची आणि पायपंपाने आत हवेचा दाब वाढवायचा, म्हणजे आतल्या माणसाला काही हजार फूट खाली उतरल्यासारखं होतं. पंप थांबवून चालत नाही, आतली हवा खराब होते. त्याने एकदा अशी रात्र काढलीये. आळीपाळीने सगळे पंप मारत होते, आणि हा पिशवीच्या खिडकीतून टॉर्चने आतल्या पोराचा चेहरा बघत होता. इंजेक्शनच्या कुप्या गोठू नयेत म्हणून आतल्या बनियनच्या खिशात, छातीला लावून ठेवलेल्या. हे सगळं करून पुन्हा बर्फ उपसायचा, सामान ओढायचं, पहाऱ्याला उभं राहायचं. नर्सिंग असिस्टंट आहे म्हणून पहारा माफ होत नाही.

तो हे सगळं आपण लूमवर तार तुटली ती कशी जोडली ते सांगावं तसं सांगत होता.

डॉक्टरांचं निदान आपल्या कानावर येतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथल्या आघाडीवर जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये गेले, तर शांतारामबापूंनी सिनेमा काढला. पुण्याच्या एएफएमसीत शिकलेले कॅप्टन अंशुमान सिंह जुलै २०२३ मध्ये सियाचीनमध्ये लागलेल्या आगीतून सहकाऱ्यांना बाहेर काढून स्वतः गेले. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं आणि तो सोहळा आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिला. मिळायलाच हवं होतं.

पण फेब्रुवारी २०१६ आठवतो? सोनम पोस्ट, साडेएकोणीस हजार फुटांच्या वर. ३ तारखेला हिमस्खलन झालं, मद्रास रेजिमेंटच्या बटालियनचे दहा जण गाडले गेले. सहा दिवसांनी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले आणि अख्खा देश टीव्हीला चिकटला, ११ तारखेला दिल्लीत ते गेले. त्या दहांमध्ये एक महाराष्ट्राचा होता. सुनील सूर्यवंशी, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे. ट्रेड, नर्सिंग असिस्टंट. दाक्षिणात्य पलटणीत हा एक मराठी माणूस कशासाठी होता? त्यांचे पाय बघायला. हनुमंतप्पांचं नाव मला पाठ होतं. सूर्यवंशींचं नाव मला या फौजीने सांगितलं, आणि खरं सांगतो, लाज वाटली.

आता भिवंडीचं.

आपल्याकडे बर्फ नाही. पण कुणाला गंभीर लागलं की काय होतं हे आपण सगळे जाणतो. इथून पुढे पाठवतात ठाण्याला, कळव्याला, नाहीतर सायनला. अंजूरफाटा, माणकोली नाका, कशेळीचा पूल. संध्याकाळी सहाला अँब्युलन्स सायरन वाजवत जागेवर उभी असते आणि बाजूच्या ट्रेलरला हलायला जागा नसते. मांडीतली मोठी शीर तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. वर हवामान खराब म्हणून हेलिकॉप्टर येत नाही, आणि आपल्याकडे रस्ता जाम म्हणून गाडी येत नाही. पडलेल्या माणसाला दोन्ही सारखंच.

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग पडली. एनडीआरएफ येण्याआधी ढिगाऱ्यात हात घालणारे शेजारचेच लोक होते. २९ एप्रिल २०२३ ला वलपाड्याला वर्धमान कंपाउंडमधली इमारत पडली, आठ जण गेले, तिथेही तेच. माणसं धाडसाने धावतात, यात भिवंडीला कुणी शिकवायला नको. पण ढिगाऱ्यातून ओढताना मान कशी धरायची, चिरडलेला पाय मोकळा करताना काय धोका असतो, हे त्या गर्दीत किती जणांना माहीत असतं?

१९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या ४५ व्या कलमातच लिहिलं होतं की दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी हवी, ती प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात हवी, आणि पाचशेच्या वर कामगार असतील तर स्टाफसकट अँब्युलन्स रूम हवी. पण आपल्याकडची गंमत बघा. एका कंपाउंडमध्ये शंभर गाळे, प्रत्येकाचा मालक वेगळा, ठेकेदार वेगळा, प्रत्येकात वीस-पंचवीस माणसं. गोडाऊन म्हणजे फॅक्टरी नाही असंही सांगायला मोकळे. गेटमधून रोज हजार माणसं आत जातात आणि कागदावर कुणाकडेच पाचशे नाहीत. पेटी असते कुठेतरी. उघडून बघा एकदा. बँडेडची दोन पाकिटं आणि मुदत संपलेलं मलम.

आणि त्याच गेटवर सियाचीनला माणसं जगवून आलेला माणूस उभा असतो, ज्याला आपण "फौजी, जरा ती गाडी मागे घ्यायला सांग" म्हणतो.

त्याने नोकरी शोधली नव्हती असं नाही. दोन-तीन खासगी हॉस्पिटलांत गेला. सगळीकडे एकच प्रश्न, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का? नाही. मग वॉर्डबॉय म्हणून या. पगार सिक्युरिटीपेक्षा कमी. सरकारी भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण जाहिरातीत जे शिक्षण मागतात त्यात त्याचं आर्मीचं सर्टिफिकेट बसलं नाही. चाळिशी आली, दोन मुलं, गावाकडे आई. सिक्युरिटी एजन्सीने दुसऱ्या दिवशी ड्रेस दिला.

इथे कुणीतरी म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार, की अशाने बोगस डॉक्टर वाढतील. भिवंडीत डिग्री नसलेल्यांच्या दवाखान्यांचा ताप काय आहे हे मला सांगू नका, मी इथेच वाढलोय. पण त्याला दवाखाना उघडायचाच नाहीये. टपरीवर एक जण त्याला म्हणाला, "फौजी, माझ्या खोकल्याला गोळी सांगा ना." तो म्हणाला, "मी डॉक्टर नाही. दोन आठवडे झालेत ना, सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासा." आपली हद्द कुठे संपते हे ज्याला इतकं नीट माहीत आहे, त्याचीच मला भीती कमी वाटते.

माझं म्हणणं फार मोठं नाही. सरकारने या लोकांसाठी छोटा पूरक कोर्स आणि रजिस्ट्रेशनची सरळ वाट काढावी, ती मागणी आहेच, पण त्याला वेळ लागेल. कंपाउंडच्या मालकांना मात्र उद्या सकाळपासून करता येण्यासारखं आहे. शंभर गाळ्यांनी मिळून महिन्याला थोडे पैसे काढले तर एका शिफ्टला एक असा माणूस आणि नीट भरलेली पेटी, स्ट्रेचर, ऑक्सिजन सहज होतं. आग विझवायची नळकांडी लावता ना, दाखवायला का होईना? आणि एजन्सीकडून माजी सैनिक घेताना उंची आणि मिशी बघण्याआधी एक प्रश्न विचारा, 'फौजेत ट्रेड काय होता?' ड्रायव्हर, सिग्नलवाला, स्वयंपाकी, मेकॅनिक, नर्सिंग असिस्टंट, सगळे गेटवर एकाच निळ्या ड्रेसमध्ये उभे आहेत आणि आपल्याला ते सगळे सारखेच दिसतात.

२६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला नाक्यानाक्यावर 'वीर जवान' चे बॅनर लागतात. त्यावर खाली भाऊंचे, दादांचे, साहेबांचे फोटो असतात. यंदा एका बॅनरचा खर्च वाचवून एक पेटी भरली तरी चालेल, फोटो पेटीवर लावा हवं तर.

हमालाला बघायला परवा गेलो होतो. टाके काढायचे आहेत अजून. हातावरचं २.४० त्याने धुतलं नव्हतं, पुसट झालंय. मुकादमाने दोन हजार दिले म्हणाला. फौजीला त्या दिवसाच्या ड्यूटीबद्दल मेमो मिळाला, गेट सोडल्याबद्दल. तो मेमो मागे घ्यायला लावायचा प्रयत्न सुरू आहे, काय होतं ते इथेच सांगेन.

तुमच्या कंपाउंडमध्ये, गल्लीत, सोसायटीच्या गेटवर आर्मी मेडिकल कोअरमधून आलेलं कुणी असेल तर त्यांना विचारून मला मेसेज करा. नाव-नंबर कमेंटमध्ये टाकू नका. यादी झाली की आपण चार-पाच जण मिळून ठाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन येऊ. माणकोली, दापोडा, पूर्णा, काल्हेर इथले गोडाऊनवाले मित्र यादीत आहेतच, त्यांनी निदान आपली पेटी उघडून आत काय आहे त्याचा फोटो टाकावा.